शस्त्राने कोठे थांबावे?

इजिप्तमधील लक्सर येथे १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने पपायरसची एक जुनी गुंडाळी विकत घेतली, आणि १९३० मध्ये जेम्स हेन्री ब्रेस्टेड या पंडिताने तिचे भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांच्या विचारपद्धतीचा एक अस्सल दस्तऐवज जगाच्या हाती आला. तीत ४८ रुग्णांची कैफियत लिहिलेली असून तिच्यातील निवाडे तीन प्रकारचे आहेत: हा विकार बरा करण्याजोगा आहे, याच्याशी झुंज देऊन पाहता येईल, किंवा यावर इलाज करावयाचा नाही. मानेचा मणका निखळलेला, हातापायांची जाणीव गेलेली, मूत्र नकळत गळत असलेला असा जो रुग्ण तीत वर्णिला आहे, त्याच्या वाट्याला तिसरा निवाडा आलेला आहे. वैद्याने त्याला तपासले, लक्षणे बारकाईने टिपून ठेवली, आणि हात मागे घेतला. आपल्याकडे चरकानेही साध्य, कष्टसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे व्याधींचे भेद केले आहेत, आणि यांपैकी शेवटच्या प्रकारच्या व्याधीला जो वैद्य हात घालतो त्याची विद्या, कीर्ती आणि अर्थ ही तिन्ही बुडतात, असा स्पष्ट इशारा देऊन ठेवला आहे.

या निवाड्यांत निर्दयता होती असे मला वाटत नाही. आपल्या विद्येची हद्द कोठे संपते याची ती प्रामाणिक नोंद होती. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांत भूल आली, जंतुनाशनाची पद्धती आली, क्ष-किरण आले, प्रतिजैविके आली, मणक्यात बसणारे स्क्रू आणि त्यांना जोडणाऱ्या धातूच्या सळ्या आल्या, आणि प्राचीनांनी ज्या रोग्यांना नामंजूर केले होते त्यांतील कित्येक आज शस्त्रक्रियेच्या मेजावरून उठून आपल्या पायांनी घरी जातात. हद्दीचा दगड असा पुढे सरकला असता तो नेमका कोठे रोवावयाचा, कोणत्या दुःखावर शस्त्र उचलण्याचा माणसाला अधिकार आहे, कोणते दुःख काळावर सोपवावयाचे आणि कोणते केवळ सोबत करून वाहू लागावयाचे, हा प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकांत सुटत नाही, कारण तो मुळात धर्माचा, म्हणजे कर्तव्याकर्तव्याचा प्रश्न आहे. आधुनिक चिकित्सेत मणक्यांच्या शल्यविशारदाचे स्थान कोणते, असे जेव्हा विचारले जाते, तेव्हा त्याच्या हस्तकौशल्याचे वर्णन करून थांबणे मला अपुरे वाटते. या प्रश्नाचे उत्तर देत त्याला रोज उभे राहावे लागते, हेच त्याचे खरे स्थान आहे.

शरीराच्या इतर भागांत हा प्रश्न इतका धारदार होत नाही, आणि त्याचे कारण रचनेत आहे. पाठीच्या कण्यात सामान्यतः ३३ मणके असतात. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ हे सुटे व हलते, आणि खालचे ९ एकमेकांत जुळून त्रिकास्थी व माकडहाड बनलेले. या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू उतरतो, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, आणि पुढे केवळ मज्जातंतूंची मुळे खाली जातात. आता हाड मोडले तर सांधते, त्याला वेळ आणि आधार पुरतो. परंतु मज्जारज्जूचे तुटलेले मार्ग प्रौढ माणसात पुन्हा जुळत नाहीत, असा निष्कर्ष सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९२८ च्या आपल्या ग्रंथात मांडला, आणि असंख्य प्रयत्न होऊनही व्यवहारात तो अद्याप खोटा ठरविता आलेला नाही. म्हणजे एकाच बोटभर जागेत भरून येणारा पदार्थ आणि भरून न येणारा पदार्थ एकमेकांना बिलगून राहिले आहेत. ‘मणक्याचे ऑपरेशन केले की पाय जातात’ ही जी धास्ती आपल्याकडे गावोगाव ऐकू येते, तिच्यात अज्ञान असेल, पण मूर्खपणा नाही.

शस्त्र उचलावे की नाही, या प्रश्नालाच मुळात हरकत घेणारा एक पक्ष आपल्या समाजात आहे. देहाचे दुखणे हा प्रारब्धाचा भोग आहे, भोगल्यावाचून तो सरत नाही, आणि शस्त्राने आज चुकविला तर पुढील जन्मी व्याजासह फेडावा लागतो, हे मत मी देवळाच्या ओट्यावर ऐकले आहे आणि दवाखान्याच्या बाकावरही ऐकले आहे, व दोन्ही ठिकाणी ते बोलणाऱ्याची स्वतःची पाठ शाबूत होती. गंमत अशी की, ज्या परंपरेचा हवाला देऊन हे सांगितले जाते, त्या परंपरेतील वैद्यांनी हे मत केव्हाच खोडून काढले आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आपल्या गुरूला, आत्रेयांना, विचारतो की, आयुष्याचे प्रमाण ठरलेले असते की नसते; आणि आत्रेयांचे उत्तर असे की, ते दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून आहे, दुर्बळ दैवावर बलवान पुरुषकार मात करतो, आणि सगळेच जर आधी ठरलेले असते तर माजलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला होण्याचेही कोणाला कारण उरले नसते. कर्मवादी माणूस हत्तीपुढून पळतो आणि कमरेच्या मणक्याच्या बाबतीत मात्र प्रारब्धाला शरण जातो, ही विसंगती आत्रेयांना दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी दिसली होती.

पुराणांत या विषयावर दोन कथा आहेत, आणि दोन्ही कण्याच्याच आहेत. मथुरेच्या रस्त्यात कंसाची उटी घेऊन जाणारी, तीन ठिकाणी वाकलेली कुब्जा श्रीकृष्णाला भेटते. तो तिच्या पावलांवर आपली पावले दाबून धरतो, हनुवटीखाली दोन बोटे देतो, आणि तिला वर उचलून सरळ करतो. एका टोकाला स्थिर धरून दुसरे टोक ताणावे, ही आजच्या अस्थिविशारदाचीही पद्धत आहे. तिच्या पूर्वकर्मांची रुजुवात भगवंताने आधी केली, असे भागवतात कोठेही नाही. दुसरी कथा अष्टावक्राची. आठ ठिकाणी वाकडा असलेला हा कुमार जनकाच्या सभेत जातो, वादात बंदी नावाच्या पंडिताला जिंकतो, आणि ज्ञानाला सरळ पाठीची गरज नसते हे सिद्ध करतो. देह म्हणजे मी नव्हे, या सिद्धांताचा त्याच्याएवढा साक्षात पुरावा दुसरा नाही, म्हणूनच अद्वैताची एक गीता त्याच्या नावावर आहे. परंतु वनपर्वातील कथा तेथे थांबत नाही, हे आपले प्रवचनकार बहुधा विसरतात. सभा जिंकून परतताना पित्याच्या सांगण्यावरून अष्टावक्र समंगा नदीत स्नान करतो आणि त्याची गात्रे सरळ होतात. आत्मा देहाहून वेगळा आहे हे पूर्णपणे जाणलेल्या पुरुषाचीही पाठ सरळ व्हावी, अशी ज्यांनी ही कथा रचली त्यांना इच्छा होती. आणि ती सरळ होईपर्यंत त्याच्या ज्ञानाला उणेपणा नव्हता, हेही त्यांना सांगावयाचे होते. वेदान्त हा ज्याच्या त्याने आपल्या वेदनेला लावावयाचा असतो. दुसऱ्याच्या वेदनेपुढे तो उच्चारणे हे मला नेहमीच एक प्रकारचे कार्पण्य वाटत आले आहे.

इतके म्हटल्यावर शल्यविशारदाला सर्वत्र मोकळीक मिळाली असे समजण्याचे कारण नाही. शस्त्र उचलण्याचा अधिकार मान्य केला की ते खाली ठेवण्याचे कर्तव्य सुरू होते, आणि मणक्यांच्या शल्यविद्येचा इतिहास माझ्या दृष्टीने प्रामुख्याने या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास आहे. सुश्रुताने शरीरातील १०७ मर्मे सांगताना त्यांचे परिणामांवरून पाच वर्ग केले. कुकुंदर नावाची दोन मर्मे पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, कटीपाशी असून त्यांना इजा झाली तर शरीराच्या खालच्या अर्ध्याची संवेदना व हालचाल जाते, हे त्याचे निरीक्षण आजच्या वाचकालाही थबकविणारे आहे. परंतु त्याहून विलक्षण आहे तो विशल्यघ्न नावाचा वर्ग. यात शल्य रुतले तर ते आत असेतो माणूस जगतो. ते पिकून आपोआप गळून पडले तरी जगतो. वैद्याने ओढून काढले तर मात्र मरतो. ही मर्मे त्याने मस्तकावर सांगितली आहेत, पाठीवर नव्हेत. तथापि तत्त्व म्हणून हा विचार सर्व शल्यविद्येला लागू पडावा इतका खोल आहे, कारण काढून टाकणे म्हणजेच बरे करणे, या स्वाभाविक समजुतीला तो मुळापासून हलवितो.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. ती कमरेच्या पहिल्या मणक्यातून, मज्जारज्जूला धक्का न लावता, पलीकडे गेली आणि स्थिरावली. पुढे अडीच महिने देशातील नामांकित डॉक्टर ती शोधीत राहिले. न धुतलेली बोटे आणि सळया जखमेत घालून त्यांनी नवे मार्ग पाडले, टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने धातू हुडकण्याचे यंत्र बनवून आणले, आणि १९ सप्टेंबरला जखमेत पू होऊन अध्यक्षांचा अंत झाल्यावर शवविच्छेदनात गोळी भलत्याच ठिकाणी, आवरणात गुरफटून निरुपद्रवी पडलेली सापडली. या घटनेच्या शेजारी मी आपल्याकडची एक हकीकत ठेवतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे जवान १९६५ च्या युद्धात अनेक गोळ्या लागून जखमी झाले, त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले, आणि कण्यात रुतलेली एक गोळी तशीच राहू दिली गेली. त्या गोळीसह ते १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पाण्यात उतरले आणि ५० मीटर पोहण्यात भारताला त्या स्पर्धांतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. न काढलेल्या गोळीचे श्रेय कोणा शल्यविशारदाच्या नावावर जमा होत नाही. वैद्यकाच्या खतावणीत अशा नोंदींना रकानाच नाही.

ज्या स्पर्धांत पेटकरांनी पदक मिळविले त्यांचा उगमही अशाच एका संयमात आहे. जर्मनीतून परागंदा होऊन इंग्लंडमध्ये आलेले लुडविग गुटमान हे मज्जासंस्थेच्या शल्यविद्येत तयार झालेले गृहस्थ. १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथे कणा दुखावलेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्या ताब्यात आला, तेव्हा ही माणसे मणक्याच्या इजेने मरत नसून पाठीवर पडणाऱ्या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या दोषाने मरतात, हे ओळखून त्यांनी शस्त्र जवळजवळ बाजूला ठेवले आणि रुग्णाला ठराविक वेळाने कुशीवर वळविण्याचा शिरस्ता घातला. १९४८ मध्ये लंडनचे ऑलिंपिक ज्या दिवशी सुरू झाले त्याच दिवशी त्यांनी आपल्या रुग्णांचे धनुर्विद्येचे सामने भरविले. आज अस्थिर झालेला कणा लवकर स्थिर करावा, म्हणजे रुग्ण लवकर उठून बसतो, असे मत रूढ आहे, आणि गुटमान यांचा शस्त्रक्रियेला असलेला विरोध अतिरेकी होता असे म्हणणारे पुष्कळ आहेत; ते बरोबरही असतील. पण जो हे करू शकत होता त्याने ते केले नाही, आणि न करण्यालाही अविश्रांत परिश्रमांची जोड दिली, यात कर्मात अकर्म पाहण्याच्या गीतेतील त्या गूढ वचनाचा एक अगदी व्यावहारिक अर्थ मला दिसतो.

मणक्याच्या क्षयाची कथा आपल्या देशाला अधिक जवळची आहे. पर्सिव्हल पॉट याने १७७९ मध्ये या विकाराने येणारे कुबड व पायांचा लुळेपणा यांचे वर्णन केले. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या हिब्ज आणि अल्बी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मणके सांधून टाकण्याच्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या. आणि पुढे हाँगकाँगमध्ये हॉजसन यांनी छाती वा पोट उघडून पुढील बाजूने सडलेले हाड समूळ काढून तेथे नवे हाड बसविण्याचे धाडस केले. दरम्यान स्ट्रेप्टोमायसिन व आयसोनियाझिड ही औषधे आली होती. तेव्हा प्रत्येक रुग्णाला कापावे की प्रत्येकाला केवळ औषधांवर ठेवावे, असा वाद माजला. कोरिया, ऱ्होडेशिया, हाँगकाँग आणि मद्रास येथे झालेल्या दीर्घ तौलनिक परीक्षणांतून, चालत्याफिरत्या रुग्णांनाही बहुसंख्य वेळा केवळ औषधे पुरतात, मात्र समूळ शस्त्रक्रियेने मणके लवकर सांधतात आणि कुबड कमी राहते, असे दिसून आले. या वादात काशी हिंदू विश्वविद्यालयाचे डॉ. तुली यांनी १९७५ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि त्या पद्धतीला त्यांनी नावच ‘मध्यममार्ग’ असे दिले: सर्वांना औषध व विश्रांती, आणि औषधाला दाद न देणारे, किंवा ज्यांचे पाय दिवसेंदिवस निकामी होत आहेत, अशांनाच शस्त्र. ज्या सारनाथात तथागतांनी भोग आणि देहदंड ही दोन्ही टोके सोडण्याचा उपदेश केला, ते या विश्वविद्यालयापासून दोन घटकांच्या अंतरावर आहे. हे नाव तेथून घेतले की नाही याची चौकशी मला अनावश्यक वाटते. मध्यममार्ग म्हणजे अर्धे शस्त्र आणि अर्धे औषध अशी तडजोड नव्हे, तर समोरचा रुग्ण पाहून ठरवावयाचा पूर्ण निर्णय, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

आता निर्णय ज्या ज्ञानावर उभारावयाचा त्याची कथा. १८८७ साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली याने मज्जारज्जूवर दाब देणारी एक गाठ काढली. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अजून आठ वर्षे होती. रुग्णाच्या अंगावर कोठपर्यंत संवेदना आहे, कोठे ती हरपली आहे, एवढ्यावरून विल्यम गॉवर्स याने अमुक ठिकाणी गाठ असली पाहिजे असे अनुमान केले. हॉर्स्लीने ती जागा उघडली तो तेथे काही नाही. तरीही अनुमानावर विश्वास ठेवून तो वर सरकत गेला, आणि गाठ सापडली. रुग्ण पुढे चालू लागला. येथे दिसत काही नव्हते, आणि कळत मात्र पुष्कळ होते. आज परिस्थिती नेमकी उलटी झाली आहे. चुंबकीय प्रतिमेत, म्हणजे ज्याला सगळे एमआरआय म्हणतात त्या तपासणीत, कण्याचा कण न् कण दिसतो. आणि १९९४ मध्ये अमेरिकेत ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा ९८ माणसांच्या प्रतिमा काढल्या असता त्यांतील केवळ ३६ टक्क्यांच्या मणक्यांमधील चकत्या (गाद्या) सर्वत्र निर्दोष निघाल्या. म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश निरोगी माणसे कागदोपत्री रोगी ठरली.

नैयायिकांनी यासाठी फार जुना दृष्टांत देऊन ठेवला आहे. जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती खरी. पण जेथे अग्नी तेथे धूर ही खरी नव्हे, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर येण्यास ओले इंधन लागते, आणि त्या ओल्या इंधनाला ते उपाधी म्हणतात. ‘मणक्यात गॅप आहे, गादी सरकली आहे, म्हणून दुखते’ हे अनुमान अशा उपाधीवाचून उभे राहत नाही. सरकलेली गादी ज्या बाजूच्या, ज्या क्रमांकाच्या मज्जातंतूवर दाब देत आहे, त्याच तंतूच्या प्रदेशात वेदना, बधिरता वा अशक्तता असली पाहिजे. ती रुग्णाच्या तोंडून ऐकली पाहिजे, त्याचा पाय हाताने उचलून पाहिली पाहिजे, आणि मगच फिल्म प्रकाशापुढे धरली पाहिजे. जो शल्यविशारद आधी फिल्म पाहतो आणि नंतर माणूस, तो सव्यभिचारी हेतूवरून साध्य सिद्ध करू पाहतो. तर्कशास्त्रातला हेत्वाभास फार तर वादात हरवितो. येथे तो निरोगी मणक्यात चार स्क्रू बसवून जातो.

अनुमान निर्दोष ठरले तरी प्रश्न उरतोच. चकतीचा गाभा बाहेर येऊन मज्जातंतू दाबतो आणि त्यातून पायात कळा येतात, हे बॉस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले, तेव्हापासून तो गाभा काढण्याची शस्त्रक्रिया जगभर होत आली. पुढे हॉलंडमध्ये अशा २८३ रुग्णांची दोन गटांत विभागणी करून एका गटावर लवकर शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्याला थांबविले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, वर्षअखेर दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते, मात्र थांबविलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मध्येच शस्त्रक्रियेकडे वळावे लागले, आणि पहिल्या गटाच्या वेदना लवकर शमल्या. याचा अर्थ कोणी असा लावतात की शस्त्रक्रिया व्यर्थ आहे, कारण काळ तेच काम फुकट करतो. मला हे मान्य नाही. शेवटी सारखेच ठरणारे दोन मार्ग चालताना सारखे नसतात. ज्याला रात्री कूस बदलता येत नाही, शेतावर किंवा गिरणीत उभे राहता येत नाही, त्याच्या लेखी सहा महिने म्हणजे केवळ मुदत नव्हे. ते दुःख सोसावयाचे की धोका पत्करावयाचा, हे ठरविण्याचा अखत्यार त्याचा आहे. शल्यविशारदाने त्याच्यापुढे दोन्ही वाटा खऱ्या अंतरांसह मांडावयाच्या, आणि मग त्याच्या उत्तराची वाट पाहावयाची. अपवाद एकच: लघवी अडली, गुदद्वाराभोवतीची जाणीव गेली, तर तो कण्याच्या तळाशी असलेल्या मुळांचा संकटसूचक हाकारा असतो, आणि तेथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब करावा लागतो.

हे मांडणे निःस्पृहपणे व्हावे, अशी व्यवस्था मात्र आपण केलेली नाही. आजच्या इस्पितळात शस्त्रक्रिया केल्याचे बिल होते. नको म्हणण्याचे होत नाही. तासभर बसून, तपासून, समजावून, ‘तुम्हाला याची गरज नाही’ असे सांगणाऱ्या शल्यविशारदाला त्या तासाची जी दक्षिणा मिळते, ती त्याच्या मदतनिसाला मिळणाऱ्या बिदागीहून कमी असते, आणि तरीही असे सांगणारी माणसे या व्यवसायात आहेत, हे मला आश्चर्याचे वाटते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. शस्त्रक्रियेला ही यादी तंतोतंत लागू पडते, कारण रुग्णाचा देह, विशारद, हत्यारे, सर्व सहकाऱ्यांची हालचाल आणि ज्याचा हिशेब कोणालाच लागत नाही ते, अशी ही पाच आहेत. यश आले की यांपैकी एकट्या कर्त्याचा सत्कार होतो, अपयश आले की एकट्या कर्त्यावर दावा होतो. आणि मला अधिक भीती वाटते ती सत्काराची, कारण दाव्याने माणूस सावध होतो.

शेवटी ज्या प्रसंगी हा सारा विचार कसाला लागतो त्याकडे येतो. कर्करोग शरीरात पसरून मणक्यात उतरला आहे, मज्जारज्जू दाबला जात आहे, पाय जड होत आहेत, आणि रुग्ण काही महिन्यांचा सोबती आहे हे सर्वांना ठाऊक आहे. अशा माणसाला कापावे काय? वैराग्याचे उत्तर तयार असते: जाणाऱ्याला शांतपणे जाऊ द्यावे. २००५ मध्ये पॅचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अशा १०१ रुग्णांचे परीक्षण प्रसिद्ध केले. केवळ किरणोपचार मिळालेल्यांपैकी उपचारांनंतर ५७ टक्के चालू शकत होते. आधी शस्त्रक्रिया आणि मग किरण मिळालेल्यांपैकी ८४ टक्के. चालण्याची शक्ती टिकण्याचा मध्यम काळ पहिल्यांत १३ दिवस होता, दुसऱ्यांत १२२. आयुष्याची मर्यादा मात्र फारशी बदलली नाही: १०० दिवस आणि १२६ दिवस. या आकड्यांवर मी पुष्कळ विचार केला आहे. शस्त्राने मृत्यू हटविला नाही; त्याने मृत्यूपर्यंतचे जवळजवळ सर्व दिवस चालते ठेवले. ज्या मराठी मुलखात भक्ती म्हणजे आळंदीहून पंढरपुरापर्यंत पायी जाणे, आणि ज्याचा देव बसलेला वा पहुडलेला नसून विटेवर उभा आहे, त्या मुलखातील माणसाला या १२२ दिवसांची किंमत समजावून सांगावी लागू नये. न्हाणीघरापर्यंत आपले आपण जाणे, अंगणात उभे राहून येणाऱ्याला ‘या’ म्हणणे, यांत देहासक्ती पाहणाऱ्या विरक्ताशी माझे पटणार नाही.

अर्थात ज्याला शस्त्र नको असेल त्याचे नकोही तितकेच मानाचे आहे, आणि त्याला ते म्हणता यावे म्हणून आधी कोणीतरी खरे सांगावयास हवे. पण त्या परीक्षणात आणखी एक बारकावा आहे. आधीच चालणे थांबलेल्या रुग्णांपैकी शस्त्रक्रियेच्या गटातील १६ पैकी १० पुन्हा चालू लागले, दुसऱ्या गटात १६ पैकी ३. आणि ज्यांचे पाय पूर्ण लुळे पडून ४८ तासांहून अधिक काळ लोटला होता, त्यांना परीक्षणात घेतलेच नव्हते. आमच्या तालुक्याच्या गावी पाय गेलेला माणूस पहिल्या दिवशी तेलाने चोळला जातो, दुसऱ्या दिवशी अंगारा लावला जातो, आणि तिसऱ्या दिवशी कोणी वडीलधारा उशाशी बसून भोग कोणाला चुकला नाही असे सांगतो. तोपर्यंत ते ४८ तास संपलेले असतात.